दरडीवरचे सुतक

आईच्या तेराव्याला पंगती उठल्या, पत्रावळी गोठ्यामागच्या खड्ड्यात गेल्या आणि माणसे पडवीत सुपारी कातरत बसली. तात्यांचा धाकटा मुलगा बाळा मुंबईहून मुद्दाम आला होता. तात्या म्हणजे माझ्या बाबांचे चुलतभाऊ, आमच्या भावकीतले वडीलधारे. ते जाऊनही आता बरीच वर्षे झाली. बाळाने सुपारीचे खांड गालात सरकवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "काकी देवमाणूस, इंदू. तेच्यात वाद नाय. त्या वर्षी आमच्या वाडयेचो गणपती तेवढो चुकवल्यान, नायतर बोट ठेवूक जागा नाय." दोन-चार जण हसले. मी आत गेले, तांब्या भरून आणला आणि त्याला पाणी दिले. आयुष्यभर शाळेत शिकवले, मुलांची चूक दिसली की जागीच दुरुस्त करायची सवय लागलेली, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. मला जे बोलता येते ते उशिरा, आणि कागदावर. म्हणून हे लिहिते आहे. रागाने लिहिते आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

आमचे घर वाडीतले शेवटचे. त्यापुढे काजूची बाग, मग चिव्याच्या बांबूचे बेट, आणि तिथून घाट सुरू व्हायचा. घरात घड्याळ होते, पण त्याच्याकडे कोणी फारसे बघत नसे. घाट उतरणाऱ्या गाड्यांच्या आवाजावर आमचा दिवस चाले. सकाळची एसटी वळणावर भोंगा द्यायची तेव्हा आईच्या चुलीवर पेज रटरटत असे. बाबा मैलकुली होते. सरकारी रस्त्याचा एक तुकडा त्यांच्याकडे सोपवलेला असे, आणि त्या तुकड्यावरचे गवत, गटार, मोऱ्या, पांढरे रंगवलेले दगड हे सगळे त्यांनी बघायचे. ते बोलत फार कमी. जेवताना भाजी संपली तर मागत नसत, भाकरी कोरडीच मोडत बसत, मग आई चिडून म्हणायची, "तोंड दिला हा मां देवान?" आणि ते हसायचे. श्रावणात घरात मासळी नसे. टाकळ्याची भाजी, अळू, फणसाच्या भाजलेल्या घोट्या म्हणजे आठळ्या, आणि पाऊस लागून राहिला की कुळथाची पिठी. बाबांचे ओले कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळत, त्यामुळे आमच्या घरात अन्नाला नेहमी थोडा ओल्या मातीचा वास असायचा. पुढे नोकरीसाठी सावंतवाडीला राहायला गेले, तिथे गॅसवर तीच पिठी करून पाहिली. चव लागली, वास नाही आला.

आई मसुऱ्याची. आंगणेवाडीच्या जत्रेच्या गर्दीत वाढलेली, मोठ्याने बोलणारी, मोठ्याने हसणारी. सासरी आल्यावर तिने आवाज कमी केला होता. आमच्याकडे तेव्हा नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बाईने समोरासमोर बोलायचे नाही अशी रीत होती. तात्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आले की आई दाराआड उभी राहायची आणि जे सांगायचे ते माझ्या तोंडून सांगायची. "सांग तेंका, चाय टाकलंय." तात्या दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे, त्यांना ऐकू गेलेलेच असायचे, तरी मी म्हणायची, "तात्यानू, आई चाय टाकता म्हणता." मग ते मला सांगायचे, "सांग तिका, साखर कमी घाल." मी दहावीत होते, धड्यांची पाने तोंडपाठ असायची, आणि घरात माझे मुख्य काम दोन माणसांमध्ये उभे राहून एकाचे दुसऱ्याला सांगणे हे होते.

नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर तो पाऊस आला. पाऊस आम्हाला नवा नव्हता, पण हा थांबायलाच तयार नव्हता. तिसऱ्या वळणावरची मोरी तुंबली आहे आणि पाणी रस्त्यावरून वाहते आहे, असे कोणीतरी आदल्या संध्याकाळी सांगून गेले. सकाळी बाबांनी पेज घेतली, खांद्यावर फावडे आणि पिकाव टाकले आणि निघाले. आई म्हणाली, "आज सुट्टी तुमची. कित्याक जातास?" ते म्हणाले, "पाण्याक म्हायत आसा माझी सुट्टी?" आईशी झालेले त्यांचे हे शेवटचे बोलणे. त्यानंतर एसटी खाली आली. ड्रायव्हरने वळणावर बाबांना मोरीच्या तोंडाशी वाकलेले पाहिले, हात केला, त्यांनीही केला. एसटी वाडीच्या पुढे गेली असेल-नसेल, आणि डोंगरातून आवाज आला. खूप ट्रक एकदम खडी ओतत आहेत असा. मग काहीच नाही. गाई दावी ओढू लागल्या होत्या, तेवढाच आवाज.

पहिले दोन दिवस सगळी वाडी खणत होती, हे मी नाकारत नाही. पण डोंगराचा अख्खा उतार झाडांसकट रस्त्यावर बसला होता, वरून पाणी झिरपत होते, आणि फावड्याने काढलेली माती परत तिथेच येत होती. मग माणसे शेतात गेली. भातात तण माजले होते. बांधकाम खात्याचे साहेब छत्री घेऊन आले, पलीकडून बघितले, आणि म्हणाले की त्यांच्या माहितीप्रमाणे त्या दिवशी मैलकुलीला सुट्टी होती, त्यामुळे कामावर कोणी असण्याचा प्रश्न येत नाही. एसटीच्या ड्रायव्हरने सांगितले ते कोणी लिहून घेतले नाही. उलट घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याने कांबळे पांघरलेला एक माणूस त्या सकाळी वर येताना पाहिला, ही बातमी दोन दिवसांत घरोघर पोचली. कांबळे पांघरलेला माणूस! पावसाळ्यात आमच्याकडे दुसरे कोण असते?

त्या बातमीला वाडीत एवढे पाय का फुटले ते मला तेव्हा कळले नाही. आईला कळले. मृत्यूचे सुतक एकट्या घराला लागत नाही, सगळ्या भावकीला लागते, आणि ते फिटेपर्यंत कोणाच्याच घरात देव बसत नाही. चतुर्थी तोंडावर आली होती. तात्यांच्या घरच्या मूर्तीवर गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, रंग चढत होता. मुंबईच्या चाकरमान्यांनी रजा टाकल्या होत्या, गणपतीच्या डोक्यावरच्या माटव्या सजवायला कांगले, हरणे अशी रानफळे-रानफुले कुठे मिळतील याची चौकशी चालली होती. बाबा दरडीखाली सापडले तर वाडीतल्या सगळ्या घरांचे गणपती गेले. बाबा घाट चढून कुठेतरी निघून गेले असतील तर सगळे ठीक. आणि रस्ता लवकर साफ झाला तर त्याहून ठीक, कारण मुंबईच्या गाड्या थेट दारात येतील. हे कोणी मोठ्याने बोलले नाही. मोठ्याने बोलले गेले ते एवढेच, की देवीला कौल लावूया.

कौलाच्या दिवशी आई आणि मी देवळाच्या बाहेरच्या पायरीवर उभ्या होतो. आत गुरवाने देवीच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. तात्यांनी बाबांचे नाव घेऊन गाऱ्हाणे घातले. त्यांचा आवाज खणखणीत होता, आजही माझ्या कानात आहे. "हे माये, तुझो लेकरू दत्ताराम जितो आसा, घाट चढान वर गेलेलो आसा, तर तुझो उजवो कौल दी, आनी तेका सुखान घराक हाड!" "व्हय म्हाराजा!" सगळे पुरुष एका सुरात म्हणाले. विचारणा अशी केली होती की कोणती बायको तिला नको म्हणेल? आईचे ओठ हलत होते. तीही उजवाच मागत असणार. उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली. बायकांनी आईला मिठ्या मारल्या. तात्यांच्या घरातल्या काकीने तिच्या तोंडात साखर घातली. "देवीन कुंकू राखल्यान गो तुझा!" साखर तोंडात धरून आई तशीच उभी राहिली. मग माझ्या कानाशी म्हणाली, "सांग तेंका, आता उलटो विचारा. दरडीखाली आसा तर डावो दी म्हणा." मी आत गेले आणि सांगितले. तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग तिका, देवीची परीक्षा बघूक आमी इलेले नाय."

मी आता देव मानत नाही असे नाही. पण त्या दिवसापासून गाऱ्हाणे ऐकले की मी "व्हय म्हाराजा" म्हणत नाही. लोकांना वाटते मास्तरीण शिकलेली, म्हणून. वाटू दे.

कौल झाला आणि आमच्या घरी सांत्वनाला येणे बंद झाले, कारण सांत्वन करण्यासारखे काही उरलेच नव्हते. उलट बायका विहिरीवर कुजबुजायच्या. बाई तोंडाची फटकळ, घो कंटाळून गेला असेल. एक जण तर मला म्हणाली, "तुझो बापूस घाटावर दुसरी मांडता काय बघ हां चेडवा." म्हणाली आणि हसली. मी घागर तशीच टाकून घरी आले. आईला सांगितले नाही. पण तिला ते आधीच ऐकवले गेले होते. ती रोज सकाळी कुंकू लावायची, आणि लावताना आरशात स्वतःकडे न बघता भिंतीकडे बघायची.

मग डोझर आला. सावंतवाडीहून मोठ्या ट्रेलरवर चढवून आणलेला, पिवळा. शाळेत जायचे सोडून मुले त्याच्यामागे धावली. आईने चूल विझवली आणि चालू लागली. मी मागोमाग. तिसऱ्या वळणावर साहेब होते, तात्या होते, वाडीतले निम्मे पुरुष होते. डोझरने पाते खाली केले, मातीचा एक ढीग पुढे लोटला आणि दरीत सोडला. दगड बराच वेळ खाली गडगडत राहिले. काम असेच असते हे मला नंतर कळले. दरड उचलून कोणी नेत नाही, ती पलीकडे ढकलतात. रस्ता दिसू लागतो, आणि जे खाली गेले ते गेले. गेल्या पावसात त्याच वळणावरून मी बसने गेले. आता डोंगराला लोखंडी जाळी लावली आहे, दरीकडे काँक्रीटची भिंत आहे. शेजारची मुलगी मोबाईलवर वाचून म्हणाली, "बाई, वाहतूक सुरळीत झाली." मी डोळे मिटून घेतले.

आई सरळ ढिगाऱ्यावर चढली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलात. डोझरचा ड्रायव्हर घाटावरचा होता, तो ओरडला, "ओ मावशी, सरा बाजूला! मराल की!" यंत्र थांबले. साहेब म्हणाले, "बाई, असं करून चालणार नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. सणासुदीचे दिवस आहेत." तात्यांनी मला हाक मारली. "इंदू, आवशीक सांग, खाली उतर म्हणान. देवीचो कौल झालेलो आसा." मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "तिका मधी घेव नकात, भावोजी. माझ्याकडे बघून बोला."

 आई तात्यांशी समोरासमोर बोलली ती ही पहिलीच वेळ.

आईने एक दगड उचलला, दुसऱ्या दगडावर हात ठेवला आणि बांगड्या फोडल्या. एका हाताच्या, मग दुसऱ्या. मनगटातून रक्त आले. मग पदराने कपाळ पुसले. खाली उभ्या असलेल्या बायका किंचाळल्या. "मी सुतक धरलंय," ती म्हणाली. "आजपासून. आता वाडयेत कोण गणपती हाडता ता बघतंय मी."

"मड्याशिवाय सुतक?" तात्यांचा आवाज चिरकला. "खंयच्या शास्त्रात आसा ह्या? घो जितो आसताना बांगडयो फोडतंस? डोक्या फिरला तुझा?"

"जितो आसा मां? देवीन सांगल्यान मां? मगे खणा. सगळी माती काढा आनी दाखवा माका, हंय नाय म्हणान. नाय गावलो तर ह्याच वळणार सगळ्यांसमोर कुंकू लावतलंय. तुमच्या घराक येवन मोदक वळतलंय. पाया पडतलंय तुमच्या."

"आनी गावलो तर?" कोणीतरी मागून विचारले. 

त्या दुपारी तात्या भटजींकडे गेले. भटजी पलीकडच्या वाडीतले, शांत माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "बाईने बांगड्या फोडल्या, सुतक धरलं, ते सगळ्यांनी पाहिलं. खरं की खोटं ते मी कोण सांगणार? पण संशय असलेल्या घरात मी मूर्तीची प्रतिष्ठा करत नाही. आधी संशय फेडा, मग बोलवा." तात्यांनी दुसऱ्या गावचे भटजी गाठले. बातमी त्यांच्या आधी तिथे पोचली होती.

आणि मग वाडी खणायला लागली.  माझ्या बाबांसाठी दोन दिवस खणून थकलेली माणसे आता बाबा तिथे नाहीत हे सिद्ध करायला अशी तुटून पडली की बघत राहावे. ज्यांना भातातले तण सोडवत नव्हते ते पहाटे फावडी घेऊन हजर. मुंबईहून आधी आलेले दोघे-तिघे चाकरमानी पँट दुमडून घमेली उचलत होते. तात्यांनी स्वतः साहेबांना गळ घातली आणि डोझरवाल्याला माती दरीत न ढकलता रस्त्यावरच, वळणाच्या खाली, पसरायला लावली. पसरलेली माती माणसे फावड्याने उकलून बघत. बायकांनी वळणावरच चूल मांडली. भात, पिठी, सोबत मिरचीचे लोणचे. चेष्टामस्करीही चालायची. "दत्तो वरती चाय पित बसलो आसात, आनी आमी हंय तेच्या नावान घाम गाळतंव!" "इलो काय पयली चाय तेच्याकडसून घेवया!" पानात भात वाढणारी काकी हसली. आई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती, रिकाम्या हातांनी. तिच्या पुढ्यातही पान ठेवले गेले. तिने ते माझ्याकडे सरकवले. मी जेवले. भूक लागली होती, आणि त्या भुकेचाही मला राग आला.

ते बाबांना शोधत नव्हते, ते आपापला गणपती शोधत होते, आणि तो त्या मातीखाली अगदी स्वच्छ, रंगीत, वाट बघत बसला असेल असे त्यांना वाटत होते. बाळा तेव्हा लहान होता. त्याला फक्त एवढे आठवते की मखर बांधून झाले होते आणि मूर्ती आलीच नाही. ते का झाले हे त्याला त्याच्या घरात कोणी सांगितले नसणार.

डोंगराकडच्या अंगाला, गटाराच्या रेषेत, मोरीचे तोंड जिथे होते तिथे माती सगळ्यात घट्ट बसली होती. यंत्राने ती मोठ्या ढेकळांनीच निघे, आत काही असले तरी दिसले नसते, म्हणून माणसे हाताने खणत होती. दुपार कलली होती, पाऊस उघडला होता. आधी पिकावाचा दांडा लागला.  मग ज्याच्या हातात फावडे होते त्याने ते बाजूला ठेवले आणि गुडघ्यांवर बसून बोटांनी माती सारू लागला, जपून, झोपलेल्याच्या अंगावरचे पांघरूण काढावे तशी. डोझरवाल्याने यंत्र बंद केले. एसटीच्या ड्रायव्हरने ज्या मोरीशी बाबांना पाहिले होते त्याच मोरीशी बाबा होते, वाकलेले. अजून एक दिवस डोझर पहिल्या पद्धतीने चालला असता तर ते दरीत गेले असते आणि वाडीने जन्मभर त्यांना घाटावर दुसरा संसार मांडून दिला असता.

 बायकांनी एकेकीने पदर डोक्यावरून पुढे ओढला. पुरुष घमेली खाली ठेवून उभे राहिले. मला आईचा हात धरायचा होता, पण ती उठून पुढे गेली होती. खड्ड्याच्या काठाशी जाऊन तिने एकदा खाली पाहिले, मान हलवली, जणू कोणी काही विचारले होते. मग ती वळली.

तात्या रस्त्याच्या कठड्यावर बसले होते. त्यांची मान खाली होती, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करून पुढे सरकत होता. ओठ हलत होते. आज, उद्या, परवा. सुतक कुठल्या दिवशी फिटते, अनंत चतुर्दशीला तरी गणपती बसवता येईल का. चेहऱ्यावर दुःख होते, ते खोटे नव्हते, मी ते पाहिले. पण अंगठा थांबत नव्हता.

आई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. डोक्यावर पदर नव्हता.

"भावोजी," ती म्हणाली, "मोजून झाला? मगे उठा आनी खांदो द्या."

तात्या उठले. धोतराला मागे ओली माती लागली होती, ती झटकायला त्यांचा हात मागे गेला, आणि मध्येच थांबला.